एरंडाचं गुऱ्हाळ



आमच्या लहानपणी अधूनमधून एखाद्या रविवारी सकाळी आई फडताळातून एरंडेलाची बाटली काढायची. ती बाटली दिसली की आम्ही भावंडं परसात पळायचो. पण आईच ती, बरोबर पकडायची. एका हाताने नाक दाबून दुसऱ्या हाताने सुंठीच्या चहातून ते चिकट प्रकरण घशात ओतायची. 'एरंडेल प्यायल्यासारखं तोंड' कसं दिसतं हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्याच एरंडेलाने यंदा माझे दोन महिने खाल्ले. मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. पहिल्या महायुद्धाची कारणं फळ्यावर किती वेळा लिहिली याची गणती नाही. पण त्यात एरंडेलाचा उल्लेख कधी आला नव्हता. तो आला भाऊबीजेच्या जेवणात.

तर झालं असं. माझा धाकटा भाऊ कोल्हापुरात असतो. शिवाजी उद्यमनगरात त्याचं छोटं वर्कशॉप आहे, सिलिंडर बोअरिंग आणि क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगचं. चाळीस वर्षं इंजिनांच्या पोटात हात घालणारा माणूस. बोलतो कमी. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो आणि त्याला वेगाचं वेड आहे. आमच्या कोल्हापुराला मोटारींचं वेड जुनंच, त्यामुळे पोराला बोलण्यात अर्थ नाही. त्याने दोन वर्षांपूर्वी एक टर्बो इंजिनाची परदेशी गाडी सेकंडहँड घेतली आणि ती घेऊन तो दक्षिणेतल्या एका रेसच्या ट्रॅकवर जायला लागला. शर्यत नव्हे, पैसे भरून ठरावीक वेळ आपापली गाडी हवी तेवढी पळवायची, असा तो प्रकार असतो म्हणे.

पावसाळ्याच्या शेवटी तो कोल्हापुरात आला असताना त्याच्या बाबांनी हौसेने गाडीचं इंजिन ऑइल बदलून दिलं. भाचा नेहमी वापरतो त्या कंपनीचा डबा दुकानात नव्हता, म्हणून दुसऱ्या कंपनीचा आणला. पुढच्याच ट्रॅकच्या फेरीत, दुसऱ्या दिवशी, इंजिनातून ठोके यायला लागले. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं होतं. खर्चाचा आकडा मी इथे लिहीत नाही, आमच्या वहिनीने तो ऐकला तेव्हा तिला पाणी द्यावं लागलं.

आणि भाचा सगळ्यांसमोर बोलून गेला, "बाबांनी भलत्या कंपनीचं तेल घातलं म्हणून गेलं इंजिन."

माझा भाऊ काहीच बोलला नाही. ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला. त्यानंतर दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलत होते. ओवाळायच्या वेळी भाचा मला म्हणाला, "आत्या, तू इतिहासाची बाई. तूच सांग, एवढ्या मोठ्या मोठ्या रेसवाल्या कंपन्या उगाच आहेत का? ब्रँडला काही अर्थच नाही?"

मी म्हटलं, बघून सांगते. आता हे बघणं म्हणजे काय? माझं बी. ए. मराठी माध्यमातून झालेलं, इंग्रजी वाचायचं तर शेजारी डिक्शनरी लागते. पण निवृत्त माणसाला वेळेची ददात नसते. नातवाला हाताशी धरलं आणि बसले. जे सापडलं ते खाली लिहिते आहे. मंडळी, एरंडाचं गुऱ्हाळ वाटलं तर आधीच माफी मागते, पण हे गुऱ्हाळ खरोखरच एरंडाचं आहे!

सुरुवात अमेरिकेतून करावी लागेल. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर गावात मॅथ्यू ईविंग आणि हायरम एव्हरेस्ट या दोघांनी व्हॅक्यूम ऑइल कंपनी काढली. खनिज तेल निर्वात भांड्यात उकळायची त्यांची युक्ती होती. हेतू होता जास्त रॉकेल काढण्याचा, पण मागे जो जाड गाळ राहिला तोच वंगण म्हणून चांगला निघाला. पुढे या कंपनीचा पसारा इंग्लंडपर्यंत गेला आणि तिथे चार्ल्स चीअर्स वेकफिल्ड नावाचा लिव्हरपूलचा माणूस तिच्या नोकरीत होता. १८९९ साली त्याने नोकरी सोडली, जुन्या काही सहकाऱ्यांना बरोबर घेतलं आणि लंडनमध्ये स्वतःची वंगणाची कंपनी थाटली. आधी गिऱ्हाईक होतं ते रेल्वे आणि जड यंत्रांचं. मग मोटारी आल्या, विमानं आली. १९०९ साली वेकफिल्डने या नव्या इंजिनांसाठी खास तेल बाजारात आणलं. त्यात एरंडेल मिसळलेलं होतं. एरंडेलाला इंग्रजीत कॅस्टर ऑइल म्हणतात, त्यावरून तेलाला नाव दिलं, कॅस्ट्रॉल.

मला हे वाचून हसूच आलं. जगभरच्या रेसच्या गाड्यांवर झळकलेलं नाव आमच्या आईच्या बाटलीतून आलेलं!

पण एरंडेलच का? आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला ते घालत आलेच होते. एरंडेल दाट असतं, तापलेल्या लोखंडालाही धरून राहतं, आणि मुख्य म्हणजे पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही. हा तिसरा गुण पहिल्या महायुद्धात फार मोलाचा ठरला. त्या काळच्या अनेक लढाऊ विमानांत रोटरी इंजिन असायचं. त्यात क्रँकशाफ्ट स्थिर आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरागरा फिरायचे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच वर जायचं. खनिज तेल असतं तर पेट्रोलने ते धुऊन नेलं असतं. एरंडेल टिकायचं. मात्र ते परत टाकीत येत नसे. एकदा फिरलं की धुरातून बाहेर, ते थेट वैमानिकाच्या तोंडावर. त्या वैमानिकांच्या पोटावर त्याचा काय परिणाम व्हायचा, ते मी सांगायला नको.

आता गंमत पाहा. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्रातून नाकेबंदी केली होती. एरंड हे उष्ण मुलखातलं झाड. जर्मनीला एरंडेल मिळेना. त्यांनी व्होल्टॉल नावाचं पर्यायी तेल काढलं, पण त्यावर त्यांची रोटरी इंजिनं तापायची आणि बंद पडायची. फोकरच्या शेवटच्या काळातल्या विमानांना याचा चांगलाच फटका बसला. तिकडे अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिला आशियातून एरंडाच्या बिया नेऊन आपल्याकडे लागवड करावी लागली. ओसाड गावी एरंड बळी म्हणतात, इथे तर आकाशातच एरंड बळी ठरला होता.

माझ्यातल्या मास्तरणीने इथे वहीत पहिली ओळ लिहिली. तेलाच्या जातीने फरक पडतो, आणि तो जीवनमरणाचा असू शकतो. पण तो फरक एरंडेल आणि व्होल्टॉल यांच्यातला होता. एकाच जातीच्या तेलाच्या दोन डब्यांवरच्या दोन नावांमधला नव्हता.

मग नावाला एवढा मान कुठून आला? तो आला विक्रमांतून. वेकफिल्ड धंद्यात मुरलेला होता. १९१५-१६ साली तो लंडनचा लॉर्ड मेयरही झाला. वेगाचे विक्रम करणाऱ्यांच्या पाठीशी तो पैसा उभा करायचा आणि विक्रम झाला की आपल्या तेलाची जाहिरात करायचा. हेन्री सीग्रेव्हने १९२७ साली फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर ताशी २०३ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२८ किलोमीटरचा वेग गाठला. १९२९ साली 'गोल्डन ॲरो' गाडीने तो २३१ मैलांवर गेला. पुढच्या वर्षी, १३ जून १९३० रोजी, विंडरमिअर सरोवरात वेकफिल्डनेच बांधून घेतलेल्या 'मिस इंग्लंड टू' बोटीतून त्याने पाण्यावरचा विक्रम केला आणि त्याच दिवशी ती बोट उलटून तो गेला. तेल उत्तम होतं, इंजिनं उत्तम होती. पाण्यातला एखादा ओंडका बोटीच्या तळाला लागला असावा असं मानतात.

या जाहिरातींतून लोकांच्या मनात एक समज पक्का झाला. जिंकणाऱ्याच्या गाडीत अमुक तेल होतं, म्हणजे तेलामुळे तो जिंकला. माझा भाचा आज जे बोलतो त्याचं मूळ इथे आहे. त्यात त्याचा दोष नाही, शंभर वर्षं हा धडा घोकवला गेला आहे.

तेल नेमकं काय करतं हे समजायला मला थोडं मागे, १८८३ सालात जावं लागलं. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरायला लागला तर तेल आत जायच्या ऐवजी त्या भोकातून बाहेर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर आली. शेवटी त्याने दाब मोजायचं यंत्र लावलं. ते चौरस इंचाला २०० पौंडांपर्यंत मोजणारं होतं, काटा त्याच्याही पलीकडे गेला! १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने गणिताने त्याचा अर्थ लावला. फिरणारा आस स्वतःच तेलाला फटीत ओढून घेतो, त्यातून दाब तयार होतो, आणि आस त्या तेलाच्या पातळ थरावर अक्षरशः तरंगतो. लोखंड लोखंडाला लागतच नाही.

तो थर आपल्या केसाच्या जाडीच्या एक दशांशाहूनही पातळ असू शकतो. तो टिकणं किंवा तुटणं तीन गोष्टींवर ठरतं. आस किती वेगाने फिरतो, त्याच्यावर भार किती, आणि तेल त्या वेळी किती दाट आहे. रेनॉल्ड्सच्या समीकरणात कंपनीच्या नावाला जागा नाही.

म्हणजे दाटपणा मोजायला हवा. अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने, एसएई तिचं नाव, १९११ सालीच तेलांचं पहिलं वर्गीकरण केलं. डब्यावर आपण ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असे आकडे बघतो ते त्याच वंशातले. 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा गरम इंजिनातला. त्यात एक परीक्षा अशी आहे की तेल १५० अंश सेल्सिअसला तापवायचं, त्याला जोराने रगडायचं आणि मग दाटपणा मोजायचा. ३० ग्रेडच्या तेलाने किमान २.९ गुण मिळवायचे, ६० ग्रेडने ३.७. (या गुणांना मिलिपास्कल-सेकंद म्हणतात, पण मला गुणच म्हणायला आवडतं.) रोजच्या वापरात इंजिन ऑइल शंभर अंशांच्या आसपास असतं. ट्रॅकवर ते १३०-१४० अंशांपर्यंत सहज जातं. म्हणजे ही परीक्षा जणू भाच्याच्या गाडीसाठीच काढलेली.

दाटपणा म्हणजे सगळं नव्हे. तेलात मळ धरून ठेवणारी, झीज थांबवणारी अशी रसायनंही मिसळलेली असतात. त्यासाठी अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेने १९४७ पासून तेलांचे वर्ग पाडले. पुढे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या परीक्षा काढल्या. मर्सिडीजची २२९.५, बीएमडब्ल्यूची लाँगलाइफ-०१, पोर्शेची ए४०. प्रत्यक्ष इंजिनात तेल घालून ती खूप तास चालवतात आणि मग उघडून बघतात. जे तेल पास होतं त्याच्या डब्याच्या मागे बारीक अक्षरांत तसं लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला रेसच्या गाडीचं चित्र. आम्ही मास्तर लोक निकालपत्रक बघतो, पोराचा फोटो बघत नाही. डब्याची मागची बाजू म्हणजे निकालपत्रक.

नातवाने मध्येच विचारलं, "आजी, पण सिंथेटिकचं काय?" ती गोष्ट तर फारच रंजक निघाली. व्हॅक्यूम ऑइल कंपनी १९३१ साली न्यूयॉर्कच्या स्टँडर्ड ऑइलमध्ये विलीन झाली आणि त्यातूनच पुढे मोबिल झाली. १९७४ साली मोबिलने अमेरिकेत मोबिल वन हे सिंथेटिक तेल आणलं. ते जमिनीतून आलेलं तेल नुसतं गाळून नव्हे, तर हवे तसे रेणू जुळवून केलेलं. ते उष्णता खरोखरच जास्त सोसायचं. शेव्हरोलेने १९९२च्या कॉर्व्हेट गाडीत ते कारखान्यातूनच भरून द्यायला सुरुवात केली आणि आधी असलेला तेल थंड करायचा कूलर काढून टाकला. एवढा भरवसा.

मग नव्वदच्या दशकात कॅस्ट्रॉलने आपल्या अमेरिकेतल्या सिंथेटिक तेलाचा पाया बदलला. रेणू जुळवण्याऐवजी खनिज तेलावरच हायड्रोजनची कडक प्रक्रिया करून जवळपास तसंच तेल मिळवलं. डब्यावर नाव मात्र सिंथेटिकच ठेवलं. मोबिलने जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली, की हे सिंथेटिक नव्हेच. १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. शंभर वर्षांपूर्वी एकाच घरातून फुटलेल्या दोन शाखांचं हे भांडण! वेकफिल्डने व्हॅक्यूम सोडलं १८९९ साली आणि निकाल लागला १९९९ साली. भाऊबंदकीचे खटले आपल्याकडेच लांबतात असं नाही.

या निकालातून माझ्या वहीत दुसरी ओळ आली. नाव तेच राहतं आणि आतलं तेल बदलू शकतं. कालचा अनुभव आजच्या डब्याला लागू पडेलच असं नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असं मी म्हणणार नाही, कारण ते नवं तेलही परीक्षांना उतरलं होतं. पण भरवसा ठेवायचा तो परीक्षेवर, नावावर नव्हे.

आता ट्रॅकच्या दोन गोष्टी सांगते. भाच्याला मी याच पाठवल्या.

पहिली बीएमडब्ल्यू एम-थ्रीची. २००१ ते २००३ मधल्या या गाड्यांत कनेक्टिंग रॉडची बेअरिंग जाण्याच्या घटना घडल्या. नेमकं आमच्या घरात घडलं तेच. कंपनीने बेअरिंग बदलून दिली आणि तेल सांगितलं १०डब्ल्यू-६०, कॅस्ट्रॉलचं. त्या गाड्यांचे मालक तेव्हापासून शपथ घेतल्यासारखे त्याच एका तेलाला धरून राहिले. पुढे २०१५ साली बीएमडब्ल्यूने तेलाचा पुरवठादार बदलला आणि शेलला घेतलं. त्या इंजिनांसाठीचं तेल शेलकडून यायला लागलं. आकडा मात्र तोच, १०डब्ल्यू-६०. नाव बदललं, ग्रेड राहिली.

दुसरी पुन्हा कॉर्व्हेटची. २०१४च्या गाडीच्या पुस्तिकेत रस्त्यावर चालवायला मोबिल वनचंच ५डब्ल्यू-३० सांगितलं होतं आणि ट्रॅकवर न्यायची असेल तर मोबिल वनचंच १५डब्ल्यू-५०. इथे नाव राहिलं, ग्रेड बदलली.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की गाडी बनवणारे स्वतः कशाला महत्त्व देतात ते दिसतं.

"पण आत्या, फॉर्म्युला वनमध्ये?" हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. तिथे कंपनीला खरंच महत्त्व आहे. शेल फेरारीसाठी, पेट्रोनास मर्सिडीजसाठी असं त्या एका इंजिनासाठीच तेल बनवलं जातं. ट्रॅकवर छोटी प्रयोगशाळा असते, वापरलेल्या तेलात कुठल्या धातूचे कण आले ते तपासून इंजिनात काय झिजतं आहे ते ओळखतात. आपल्या डॉक्टरकडच्या रक्ततपासणीसारखंच. काही संघ तर तेल मुद्दाम जाळून ताकद वाढवतात असा संशय आला, तेव्हा २०१८ साली शंभर किलोमीटरला ०.६ लिटरपेक्षा जास्त तेल जाळायचं नाही असा नियम करावा लागला. आपल्याकडे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं दिल्लीजवळ ही शर्यत झाली आणि तिन्ही वेळा सेबास्टियन फेटल जिंकला. पण मंडळी, त्या गाड्यांतलं तेल आपल्याला दुकानात मिळत नाही. दुकानातल्या डब्यावर त्या गाडीचं चित्र तेवढं मिळतं.

मग आपल्यासारख्यांना ब्रँडचा काहीच उपयोग नाही का? आहे. एका कारणासाठी नक्की आहे. आपल्याकडे बनावट तेलाचा सुळसुळाट आहे. रिकामे चांगले डबे गोळा करायचे, त्यात काहीही भरायचं. माझा भाऊ डबा रिकामा झाला की त्याला खिळ्याने भोक पाडूनच भंगारात टाकतो. मी लहानपणापासून ही त्याची खोड समजत होते, आता अर्थ कळला. म्हणून ओळखीच्या नावाचं तेल, खात्रीच्या दुकानातून, सील बघून घ्यावं. नाव म्हणजे आत लिहिल्याप्रमाणेच माल आहे याची हमी. त्याच्यापलीकडे नावाला जास्त काम देऊ नये.

हे सगळं वाचून झालं तरी भाच्याचं इंजिन का गेलं हे कळलं नव्हतं. भावाने आणलेल्या डब्याचा फोटो मी वहिनीकडून मागवला. ग्रेड तीच, गाडीच्या कंपनीचं अप्रूव्हलही मागे छापलेलं. म्हणजे तेल पास होतं. मग मी भाच्याला फोन केला आणि परीक्षेत विचारतात तसे दोनच प्रश्न विचारले. "तेल बदलल्यावर किती किलोमीटर झाले होते? आणि ट्रॅकवर गाडी थांबायची तेव्हा डिपस्टिक काढून तेल किती आहे ते बघितलंस का?"

पहिल्याचं उत्तर आलं, सुमारे चार हजार. दुसऱ्याचं उत्तर यायला वेळ लागला. "नाही बघितलं, आत्या."

गॅरेजच्या कागदावर काढलेल्या तेलाचं माप लिहिलेलं होतं, साडेतीन लिटर. माझ्या भावाच्या वर्कशॉपातल्या वहीत तारीख, किलोमीटर आणि भरलेलं तेल लिहिलेलं होतं, साडेपाच लिटर. टर्बो इंजिन थोडं थोडं तेल पितं, त्यात ट्रॅकवर जास्त. गाडी कुठे गळत नव्हती, दोन लिटर तिनेच संपवलं होतं.

रस्त्यावर तेवढ्याने काही बिघडलं नसतं कदाचित. पण ट्रॅकच्या वळणावर गाडी जेव्हा स्वतःच्या वजनाइतक्या जोराने बाजूला ओढली जाते, तेव्हा तळाच्या ताटलीतलं तेल पंचेचाळीस अंशांत एका कडेला चढतं. आमटीचं भांडं घेऊन बसमध्ये बसलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. तेल भरपूर असेल तर पंपाचं तोंड बुडालेलं राहतं. कमी असेल तर पंप हवा ओढतो, आणि टॉवरने मोजलेला तो तेलाचा दाब क्षणभर नाहीसा होतो. लोखंडाला लोखंड लागतं. म्हणून खऱ्या रेसच्या गाड्यांत तेल वेगळ्या टाकीत ठेवतात. जगातलं सगळ्यात महाग तेलसुद्धा जिथे नाही तिथे वंगण करू शकत नाही.

भाच्याला मी एवढंच म्हटलं, "आता निवाडा तूच कर."

तरी माझ्या मनात एक शंका होती. म्हणून मी भावाला फोन लावला. विचारलं, "तू ते गेलेलं बेअरिंग बघितलं होतंस?"

"बघितलं की. गणपतीनंतर पुण्याला गेलतो तेव्हा हातात घेतलं. निळं पडलंतं. तेल पोचलं नाही की तसंच होतंय."

"म्हणजे तुला भाऊबीजेच्या आधीपासून माहीत होतं? मग ताटावर गप्प का बसलास?"

तिकडे थोडा वेळ ग्राइंडिंगचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाला, "आक्का, पोराची एवढ्या हौसेची गाडी गेली. चारचौघांत परत तुझंच चुकलं म्हणून कुठं सांगत बसू? आणि त्यानं मला काय झालं असंल ते इचारलंच न्हाई. नुसतं कंपनीचं नाव सांगितलं."

चौतीस वर्षं शिकवून मला जे सुचलं नसतं ते हा चार वाक्यांत सांगून गेला. कंपनीचं नाव पुढे केलं की माणूस पुढचे प्रश्न विचारायचं थांबतो, हीच त्यातली खरी अडचण.

संक्रांतीला भाचा कोल्हापुरात येऊन गेला. घरी न जाता आधी उद्यमनगरात गेला, असं वहिनी म्हणाली. माफी वगैरे आमच्या घरात कुणी मागत नाही, तशी पद्धत नाही. पण नव्या बेअरिंगवर इंजिन पुन्हा उभं राहिल्यावर तेल भरायला त्याने गाडी बाबांकडेच आणली होती. तेल कुठल्या कंपनीचं घातलं हे मी दोघांनाही विचारलं नाही. वहिनीने पाठवलेल्या फोटोत दोघंही बॉनेटखाली वाकलेले आहेत आणि भाच्याच्या हातात फडकं आणि डिपस्टिक आहे. मागे कट्ट्यावर रिकामा डबा दिसतो, त्याला भोक पाडलेलं आहे.

असो. तुमच्यापैकी कुणी आपल्या गाडीची डिपस्टिक बरेच दिवसांत बघितली नसेल तर उद्या सकाळी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर गाडी उभी करून जरूर बघा. आणि वडील शेजारी उभे असतील तर त्यांनाही विचारा.